व्होलटाइल म्हंजे उडून जाणारं

"ओ सर, हे व्होलटाइल म्हंजे काय ओ?"

मालकांनी मोबाईल माझ्या नाकापुढं धरला होता. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो आणि बाहेरदेशातल्या पार्ट्यांचे मेलही बघतो, त्यामुळं इंग्रजी शब्द कुठं अडला की तो माझ्या टेबलावर येऊन पडतो, मी काय इंग्रजीचा मास्तर नाही तरी. मेल जुन्या गिऱ्हाइकाचा होता. सुताचं मार्केट सध्या व्होलटाइल आहे असं ऐकतोय, तर तुम्ही दिलेला रेट किती दिवस धरून चालायचं, एवढंच त्यानं विचारलेलं.

मी आपलं पटकन सांगून टाकलं, अस्थिर.

"अस्थिर म्हंजे? हलतंय? हलतंय तर रोजच की. चढतंय का पडतंय ते सांगा ना."

आता मालकांची घरची भाषा तेलुगू, कर्नाटकातल्या व्यापाऱ्याशी ते फोनवर कन्नडमध्ये भांडतात, आणि माझ्याशी मराठी बोलतात, म्हंजे तीन भाषांत धंदा करणारा माणूस, त्याला 'अस्थिर' हा शब्द कळला नाही असं नाही. त्यांना तो पुरला नाही. आणि खरं सांगतो, मलाही पुरला नाही. अस्थिर तर टेबलपण असतं, एका पायाखाली कागदाची घडी घातली की झालं स्थिर. सरकार अस्थिर असतं. पण गिऱ्हाईक जे म्हणत होता ते काहीतरी वेगळंच होतं, आणि ते मला माहीत असून सांगता येईना, असं होतं बघा कधी कधी, शब्द ओळखीचा असतो, रोज दिसतो, पण कुणी थांबवून विचारलं की आपण बावचळतो. "उद्या सांगतो मालक" म्हणून सुटलो.

घरी येऊन वाचत बसलो. शब्द निघाला लॅटिनमधून. तिकडं 'वोलारे' म्हंजे उडणे, आणि त्याच्यावरनं 'वोलातिलिस' म्हंजे उडणारा, पंखवाला. बस. एवढंच. हलणं नाही, डगमगणं नाही, बदलणंसुद्धा नाही. उडणं.

तेवढ्यात आई देवघरातनं ओरडली, कापूर परत उडाला बघ, डबीत नुसती मिरी राहिली. आमच्याकडं कापराच्या डबीत चार काळी मिरी टाकायची पद्धत आहे, म्हंजे कापूर उडत नाही म्हणे, तुमच्याकडंही असेल. माझ्या मते खरं काम डबीचं घट्ट झाकण करतं आणि नाव मिरीचं होतं, पण आईला हे सांगायची हिंमत आपली नाही. मुद्दा तो नाही. मुद्दा असा की आई शाळा सातवीपर्यंत शिकलेली, तिला लॅटिनचा ल माहीत नाही, आणि तिनं कापरासाठी बरोब्बर तोच शब्द वापरला जो तिकडच्यांनी वापरला. कापूर विरघळला नाही, संपला नाही, आटला नाही. उडाला. पाखरासारखा.

पाखराचं म्हणालो तर हे ऐका. इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा तो विशेषण म्हणून आलाच नाही, तो नाम म्हणून आला, आणि त्याचा अर्थ होता पक्षी. १४व्या शतकातला चॉसर म्हणून त्यांचा मोठा कवी, त्याच्या एका गोष्टीत एक मठातला साधू व्यापाऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून जातो, आणि जाताना हात हलवत कसं जायचं म्हणून दारूचे दोन बुधले आणि 'व्होलटिल' घेऊन जातो. म्हंजे खायची पाखरं. म्हंजे आपल्या भाषेत साधूबुवा कोंबडी घेऊन गेले. आजसुद्धा फ्रेंच हॉटेलाच्या मेनूत 'वोलाय' दिसलं तर ते कोंबडी-बदकाचंच असतं, त्याच घरातला शब्द आहे तो. हे वाचल्यापासनं मला आमच्या कोपऱ्यावरच्या चिकन सेंटरची पाटी वेगळीच दिसायला लागलीय.

आणि फ्रेंचमध्ये उडणे आणि चोरणे दोन्हीला एकच क्रियापद आहे, ही अजून एक गंमत. आपणही कुणीतरी सायकल उडवली म्हणतोच की.

व्हॉलीबॉलसुद्धा ह्यातलाच. व्हॉली म्हंजे चेंडू जमिनीला न टेकता उडता उडताच मारणे. हा खेळ १८९५ मध्ये अमेरिकेत निघाला तेव्हा त्याचं नाव मिंटोनेट असं काहीतरी बिस्किटासारखं होतं, दुसऱ्या वर्षी ते बदलून व्हॉलीबॉल केलं, बरं केलं. पण सगळे व्हॉलवाले शब्द एका घरातले समजू नका, मी समजलो होतो आणि फसलो. व्होल्कॅनो हा व्हल्कन नावाच्या रोमन अग्निदेवावरनं आलाय. व्हॉलंटियर इच्छेवरनं. व्हॉल्यूम गुंडाळण्यावरनं, कारण जुनी पुस्तकं गुंडाळीची असायची. उडणाऱ्यांशी ह्यांचा काही संबंध नाही, नुसतं आडनाव सारखं, आपल्याकडं नाही का कुलकर्णी, प्रत्येक गावचा वेगळा.

तर मग पक्ष्यावरनं हा शब्द कापरावर कसा आला? तो आणला किमयागार लोकांनी, म्हंजे लोखंडाचं सोनं करायला बसलेले जे होते ते. त्यांच्या भट्टीत दोन जातीचे पदार्थ असायचे, एक जे तापवलं तरी बूड धरून बसतात, त्यांना ते म्हणायचे फिक्स्ड, आणि दुसरे जे जरा ऊब लागली की वाफ होऊन वर पळतात, ते व्होलटाइल. त्यांची सगळी धडपड काय तर उडणाऱ्याला बसवायचं. पुढं विलायतेत बायका चक्कर आली की एक बाटली हुंगायच्या तिचं नाव साल व्होलटाइल, म्हंजे उडतं मीठ, अमोनियम कार्बोनेट. आपल्याकडं चुना आणि नवसागर तळहातावर चोळून हुंगवायचे, तो भपकारा तोच, अमोनियाचा. माझ्या आजीला दिलेला मी पाहिलाय, ती ताडकन उठून बसली आणि देणाऱ्याला शिव्या घातल्या.

आणि हे उडणाऱ्याला बसवायचं वेड काय नुसतं तिकडंच नव्हतं. आपल्या रसशास्त्रात पाऱ्याचे आठ दोष सांगितलेत, त्यातला एक चांचल्य आणि एक असह्याग्नी, म्हंजे आग सहन न होणं, आच लागली की उडून जाणं. अमरकोशात तर पाऱ्याच्या नावांत थेट 'चपल' हेच एक नाव दिलंय. म्हंजे तिकडं जो माणूस घडीघडीला बदलतो त्याला मर्क्युरिअल म्हणतात, मर्क्युरी ह्या रोमन देवाच्या नावावरनं, आणि पाऱ्याचं नावही तेच, मर्क्युरी, आणि इकडं पाऱ्यालाच आपण चपल म्हणून टाकलं. तिकडं माणसाला पाऱ्याचं नाव दिलं, आपण पाऱ्याला माणसाचं दिलं. मला हे लई आवडलं, दोन दिवस भेटेल त्याला सांगत होतो, शेवटी बायको म्हणाली पुरे आता.

शाळेच्या पुस्तकात व्होलटाइलला 'बाष्पनशील' म्हणतात. मुलीच्या पुस्तकात बघितलं. चांगला शब्द आहे, परीक्षेत लिहायला, पण मी अजून एकही माणूस पाहिला नाही जो पेट्रोल पंपावर म्हणेल की भाऊ पेट्रोल बाष्पनशील आहे झाकण लाव. तो म्हणतो, झाकण लाव, उडून जाईल. वैद्य लोक लवंग ओवा पुदिना ह्यांच्या तेलाला 'उडनशील तेल' म्हणतात, तो मला जास्त जवळचा वाटतो, बेणं आपल्या शेतातलं आहे. आमच्या घरी काळं तिखट वर्षाचं करून ठेवतात, त्याच्या बरणीच्या तोंडाला आई फडकं बांधून वर झाकण आवळते, कारण 'वास उडतो'. उडतं ते हेच तेल. वास म्हंजे तरी काय, उडून नाकापर्यंत आलेला मसाला.

आता सोलापूरकराला व्होलटाइल समजावायला पुस्तक कशाला पाहिजे, आपला एप्रिल-मे पुरे आहे. ईथर नावाचं द्रव असतं ना, जुन्या काळी ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला वापरायचे ते, ते ३४.६ अंशाला उकळतं. उकळतं! आणि आपल्याकडं मे महिन्यात दुपारी पारा ४२-४३ म्हंजे काही बातमी नाही. म्हंजे ईथरची बाटली सात रस्त्याला उन्हात उघडी ठेवली तर गॅस नको, शेगडी नको, ते चहासारखं उकळायला लागेल. नेलपॉलिश पुसायचं अ‍ॅसिटोन ५६ अंशाला, स्पिरिट ७८ ला, आणि पाणी १००. उकळायला जेवढी कमी आच तेवढं जास्त उडतं, साधारण हा हिशेब. पण उडायला उकळावंच लागतं असं नाही, इंजेक्शनच्या आधी नर्स स्पिरिटचा बोळा फिरवते तेव्हा गार लागतं ते तेवढ्यासाठीच, स्पिरिट उडताना कातडीची उष्णता घेऊन जातं. माठपण असाच गार होतो, फक्त पाणी जरा आळशी आहे, सावकाश उडतं.

पेट्रोलचं अजून एक. पेट्रोल पेटतं असं आपण म्हणतो पण पेटते ती त्याची वाफ. उणे ४० अंशाच्या आसपाससुद्धा त्याच्यावर पेटण्याइतकी वाफ असते, म्हंजे आपल्याकडं तर ती कायमच हजर. डिझेलला तेवढी वाफ सोडायला बरंच तापवावं लागतं. हे मी का सांगतोय, तर इंग्रजी बातम्यांत जेव्हा 'सिच्युएशन इज व्होलटाइल' असं येतं तेव्हा त्यांना नुसतं 'परिस्थिती बदलतेय' असं म्हणायचं नसतं, त्यांना म्हणायचं असतं की एक काडी पडली तर भडकेल. तो पेट्रोलचा वास मला वाटतं इथूनच शब्दाला चिकटला. उडणारं ते पेटणारं. म्हणून व्होलटाइल हे कधीच कौतुक नाही, त्याच्यात थोडी भीती असतेच.

आणि इथं मला आमच्या एका मित्राची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच्या लग्नाच्या बायोडेटात, इंग्रजीत केलेला, भारी कागदावर छापलेला, स्वभावाच्या पुढं लिहिलं होतं 'व्होलटाइल पर्सनॅलिटी'. त्याला लिहायचं होतं व्हर्सटाइल. म्हंजे हरहुन्नरी, अष्टपैलू. गाणं येतं, क्रिकेट येतं, चहा येतो. आणि छापून काय आलं तर हा माणूस कधी भडकेल सांगता येत नाही. पन्नास कॉप्या वाटून झाल्यावर एका मुलीच्या काकांनी, ते कॉलेजात शिकवायचे, फोन करून विचारलं की हे खरं आहे का. ह्यानं उत्साहात सांगितलं, हो हो, एकदम खरं आहे. व्हर्सटाइलसुद्धा बदलाचाच शब्द आहे बरं का, पण तो वळण्यावरनं आलाय, इकडं वळ तिकडं वळ, सगळीकडं चालणारा. एक वळतो, एक उडतो. लग्न दुसरीकडं झालं त्याचं, आता दोन पोरं आहेत, बायोडेटा आम्ही अजून काढतो.

माणसाला व्होलटाइल म्हणायची पद्धत १७व्या शतकापासनंची. आपण त्याला तापट म्हणतो, भडक डोक्याचा म्हणतो, पण ते पूर्ण बसत नाही, कारण तापट माणूस दिवसभर तापलेलापण असू शकतो. व्होलटाइल म्हंजे आत्ता भडकला आणि पाच मिनिटांनी तोच तुम्हाला चहा पाजतोय. क्षणे रुष्टः क्षणे तुष्टः हे जवळ जातं. फिकल वेगळं, फिकल म्हंजे आज ह्याच्या पार्टीत उद्या त्याच्या, त्याचं मूळच फसवणुकीत आहे. म्युटेबल एकदम कोरडा शब्द, बदलू शकणारं, रागलोभ नाही. आणि उडाणटप्पू? मला आधी वाटलं हाच तो, मिळाला मराठी शब्द! पण नाही, उडाणटप्पू बिचारा नुसताच भटकतो, तो भडकत नाही, त्याला तेवढी मेहनत नको असते.

मराठीत ह्या उडण्याचा संसार केवढा आहे हे मी वहीत लिहून काढायला बसलो आणि पान पुरेना. झोप उडते. रंग उडतो, हे तर आपल्या गावाला सांगायलाच नको, चादर घेताना आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतं, रंग उडणार नाही ना. मन उडतं, विश्वास उडतो, केस उडतात, फ्यूज उडतो, पैसे उडतात आणि उडवतातही. गोंधळ उडतो, धांदल उडते, लग्नाचा बार उडतो. उत्तरं उडवाउडवीची असतात. खिल्ली उडते. मी आमच्या वाइंडिंगमधल्या, म्हंजे सूत गुंडाळायच्या खात्यातल्या, एका मावशींना विचारलं, तेलुगूत पाखरू उडून गेलं कसं म्हणता, म्हणाल्या "एगिरिपोयिंदी", आणि मग स्वतःच हसून म्हणाल्या, पगार पण तसाच जातो की ओ. मी काही विचारलं नव्हतं हं, त्यांनीच सांगितलं.

पण एक फरक आहे आणि तो मला नंतर रात्री झोपताना लक्षात आला. आपल्याकडं रोजच्या बोलण्यात बहुतेक सगळं उडून झाल्यावरचं आहे. उडाला, उडाली, उडालं. व्होलटाइल उडायच्या आधीचं सांगतं. अजून कापूर डबीतच आहे, तरी तो व्होलटाइल आहे. जात सांगितलीय त्याची, घडलेली गोष्ट नाही.

कॉम्प्युटरवाल्यांनी हे बरोबर उचललं. रॅम ही व्होलटाइल मेमरी, वीज आहे तोवर सगळं लक्षात, वीज गेली की कोरी पाटी. मी डिप्लोमाला होतो तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते, कॉलेजच्या लॅबमध्ये प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप करत बसलो होतो, बारा पानं झाली, सेव्ह करायचं भान नाही, आणि लाईट गेली. यूपीएस होता पण तो शोभेचा. शेजारचा म्हणाला, "उडालं का बे?" बघा, तो 'पुसलं गेलं' म्हणाला नाही, 'गेलं'ही म्हणाला नाही. आपण विंडोज उडालं म्हणतो, फाईल उडाली म्हणतो, डेटा उडाला म्हणतो, कुणी शिकवलं आपल्याला? कुणी नाही.

सी ह्या प्रोग्राम लिहायच्या भाषेत तर व्होलटाइल हा चक्क कीवर्ड, म्हंजे ठरलेल्या अर्थाचा राखीव शब्द आहे, १९८९ च्या स्टँडर्डपासनं. त्यानं मला दोन दिवस रडवलंय म्हणून सांगतो, ज्यांना ह्यात रस नाही त्यांनी हा पॅरा सोडला तरी चालेल. आमच्या प्रोजेक्टात बटण दाबलं की दिवा लागायला हवा होता. बटणाचा इंटरप्ट, म्हंजे चालू काम मध्येच थांबवणारा निरोप, येऊन एक फ्लॅग, म्हंजे खुणेचा आकडा, बदलायचा, आणि मुख्य लूप, म्हंजे प्रोग्रामचा पुन्हा पुन्हा फिरणारा भाग, त्या फ्लॅगकडं बघत बसायचा. साधा प्रोग्राम. कंपायलर म्हंजे आपण लिहिलेलं मशीनच्या भाषेत आणणारा, त्याचं ऑप्टिमायझेशन, म्हंजे काम वाचवायची हुशारी, बंद असलं की प्रोग्राम चालायचा, चालू केलं की दिवा लागायचाच नाही. झालं काय होतं, कंपायलर हुशार, त्यानं बघितलं की ह्या लूपमध्ये तर हा फ्लॅग कुणीच बदलत नाही, मग दरवेळी मेमरीत जाऊन कशाला बघायचं, एकदा वाचला, खिशात ठेवला, आणि मग आयुष्यभर खिशातलाच बघत बसला. बाहेर बटण दाबून बोट दुखलं तरी त्याला पत्ता नाही. सरांनी येऊन बघितलं, पाच सेकंदात म्हणाले, "व्होलटाइल लिव की बे पुढं." व्हेरिएबलच्या आधी तो एक शब्द टाकला आणि दिवा लागला. तो शब्द कंपायलरला सांगतो की ह्याच्यावर विसंबू नको, हा तुझ्या पाठीमागं कधीही बदलू शकतो, दरवेळी जाऊन बघ. म्हंजे शेजारी घरी आहे असं धरून बसू नको, दरवेळी दार वाजवून विचार.

मला वाटतं बाजाराला हा अर्थ सगळ्यात जास्त लागू पडतो, दरवेळी जाऊन बघ. पण शेअरबाजारवाले तो शब्द भलताच वापरतात. माझा मेव्हणा ऑप्शनमध्ये खेळतो, म्हंजे शेअर ठरल्या भावानं पुढं घ्यायच्या-विकायच्या हक्काचे सौदे करतो. ज्या दिवशी पैसे जातात त्या दिवशी तो येऊन म्हणतो, "आज मार्केट लई व्होलटाइल होतं दाजी." ज्या दिवशी येतात त्या दिवशी मार्केट मस्त होतं. अरे बाबा वर उडणं पण उडणंच आहे. व्होलटिलिटी मोजतात ती दोन्हीकडची हालचाल धरून, किती जोरात आणि किती लांब, दिशा तिला माहीतच नसते. २०२४ च्या निवडणूक निकालाचे दिवस आठवा, ३ जूनला निफ्टी, म्हंजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरांचा मिळून आकडा, तीन टक्क्यांच्या वर चढला, ४ जूनला जवळपास सहा टक्के पडला, ५ जूनला परत तीन टक्क्यांच्या वर चढला. ह्याला म्हणायचं व्होलटाइल. रोज अर्धा टक्का पडत पडत महिना गेला तर ते वाईट आहे, दुःखद आहे, पण व्होलटाइल नाही, कारण उद्या काय होणार हे सगळ्यांना माहितीय. ही व्होलटिलिटी मोजायला एनएसई ह्या मुंबईच्या शेअरबाजारानं २००८ मध्ये इंडिया व्हिक्स म्हणून आकडाच काढलाय, निफ्टीच्या ऑप्शनच्या भावांवरनं पुढच्या ३० दिवसांत किती हादरे बसतील असं लोकांना वाटतंय ते त्यात दिसतं. मेव्हण्याला हे सगळं सांगितलं, तो म्हणाला दाजी तुम्ही ट्रेडिंग करत नाही तेच बरं आहे.

आपल्या मार्केट यार्डाला व्हिक्स लागत नाही. कांद्याची गाडी भरताना एक भाव ऐकलेला असतो, लिलावाला दुसरा, आणि अडत्याची हिशेबाची पट्टी हातात पडते तेव्हा तिसराच. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, मग ८ डिसेंबरपासनं सरळ निर्यातबंदी, मग २०२४ च्या मे महिन्यात बंदी उठली पण अटी ठेवून. म्हंजे कांदा तोच, तो साठवायची चाळ तीच, पाऊस तोच, आणि भाव मात्र दिल्लीतल्या एका कागदावर वरखाली. कांदा उडत नाही, सडतो. उडतो तो भाव.

आणि इथंच माझी गाडी अडली बघा. कारण मराठीत भाव उडत नाही! भाव चढतो, उतरतो, वधारतो, भडकतो, गडगडतो, कोसळतो, पण भाव उडाला असं यार्डातला एकही हमाल म्हणणार नाही. एवढा मोठा उडण्याचा संसार मांडला आणि मालकांनी विचारलेल्या नेमक्या ठिकाणी तो चालेना.

मध्येच एक आठवलं ते सांगतो. बार्शी रोडला नान्नजचं अभयारण्य आहे, १९७९ पासनं, माळढोकसाठी. उडणाऱ्या पाखरांत जगात सगळ्यात जड जे मोजके आहेत त्यातला हा एक. जुन्या इंग्रजीत तोही व्होलटाइलच झाला असता, पंधरा किलोचा. लहानपणी वडिलांबरोबर गेलो होतो, लांब गवतात मान दिसली होती, वडील म्हणाले ती बघ. आता जातो तेव्हा काळवीट दिसतात. माळढोक दिसणं फारच दुर्मिळ झालंय.

असो. तर दुसऱ्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये गेलो आणि कापरापासनं सगळं सांगितलं. चॉसर गाळला. पाऱ्यापर्यंत आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांबा थांबा. म्हंजे भावाचा भरवसा नाही, असंच ना?"

मी म्हटलं हो, पण तसं नाही, भरवसा नाही हे माणसाबद्दल झालं, त्यात दगा आला, हे त्याच्या जातीतच आहे, ते उडणारच...

"ते बरोबर ओ. पण बावीस साल आठवा की."

आठवलं. २०२२ च्या मे महिन्यात कापसाची खंडी, ३५६ किलोची, एक लाखाच्या वर गेली होती आणि वर्ष संपायच्या आत धाडकन खाली आली. त्या चढाच्या आधी आम्ही एका पार्टीला रेट देऊन बसलो होतो, ऑफर पंधरा दिवसांची, पार्टीनं चौदाव्या दिवशी ऑर्डर टाकली. नियमात होती, काय बोलणार. टॉवेल विणले, पाठवले, त्या ऑर्डरचा हिशेब मीच केला होता आणि मालकांना दाखवताना फाईल उलटी धरली होती.

"मेल लिव्हा," मालक म्हणाले. मी लॅपटॉप उघडला. यू आर राइट, यार्न मार्केट इज व्होलटाइल, एवढं टाइप केलं आणि थांबलो, की आता पुढं ऑफर किती दिवसांची लिहायची, नेहमीसारखी पंधरा?

मालकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. शुक्रवार होता.

"तीन दिवस लिव्हा. त्यात रविवार पण धरा."